निद्राश्वासरोधाची घरगुती तपासणी : तिच्या विश्वासार्हतेचे स्वरूप व मर्यादा

घोरणाऱ्या माणसास 'कुंभकर्ण' म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. ज्यास स्वस्थ झोप लागते तोच घोरतो, अशी समजूत तिच्या मुळाशी असते. वैद्यकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत ही समजूत खोटी ठरविली. १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी, झोपेत श्वास वारंवार अडून पुन्हा सुरू होण्याच्या प्रकाराची नोंद स्वतंत्रपणे केली. १९७६ साली गिल्मिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकारास 'स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव रूढ केले. मराठीत त्यास निद्राश्वासरोध म्हणता येईल. १९८१ साली सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देणारे यंत्र वापरून हा रोध दूर करता येतो हे दाखविले. उपचार उपलब्ध झाल्यामुळे निदानाचे महत्त्व वाढले. आणि रुग्णालयात एक रात्र काढणे अनेकांस अशक्य असल्याने घरच्या घरी करावयाच्या तपासणीकडे लक्ष वळले.

या घरगुती तपासणीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न आता वारंवार विचारला जातो. परंतु असा विचारलेला प्रश्न अपुरा आहे. विश्वासार्हता हा केवळ यंत्राचा गुण नव्हे. तपासणी कोणाची, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी केली, यांवर ती अवलंबून असते. एकच यंत्र एका प्रश्नास खात्रीचे उत्तर देते व दुसऱ्या प्रश्नास फसवे. मुंबईत झालेला एक महत्त्वाचा पाहणी-अभ्यास आणि वसई तालुक्यातील गाससारख्या गावाची परिस्थिती या दोन आधारांवर या विधानाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. रोगाचे मापन

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा श्वसनमार्ग मुळात अरुंद असतो, किंवा मानेभोवतीच्या मेदामुळे तो दबलेला असतो, त्यांच्या बाबतीत जीभ, मृदुतालू व घशाच्या भिंती एकमेकींस चिकटून हवेची वाट बंद होते. छाती व पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. अखेरीस मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, मोठ्या घोरण्याबरोबर श्वास सुरू होतो व पुन्हा झोप लागते. हे चक्र रात्रीत शेकडो वेळा चालले तरी सकाळी त्याची आठवण राहत नाही. राहते ती दिवसाची झोपाळू अवस्था, सकाळची डोकेदुखी व वाढलेला रक्तदाब.

दहा सेकंद वा अधिक काळ हवेचा प्रवाह किमान ९० टक्क्यांनी घटला, तर त्यास श्वासरोध म्हणतात. प्रवाह किमान ३० टक्क्यांनी तितकाच काळ घटून त्याबरोबर प्राणवायूची संपृक्तता ३ टक्के उतरली, किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तर ते अल्पश्वसन होय. काही नियमावलींत ३ ऐवजी ४ टक्क्यांची अट असते, आणि तेवढ्या फरकानेही आकडे बदलतात. झोपेच्या दर तासामागे अशा घटना किती, यास श्वासरोध-निर्देशांक म्हणतात. प्रौढांत निर्देशांक ५ पेक्षा कमी असल्यास तो सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम व ३० च्या पुढे तीव्र समजतात.

या व्याख्येतील 'झोपेच्या' हा शब्द विशेष ध्यानात घेतला पाहिजे. झोप लागली आहे की नाही, हे निश्चितपणे मेंदूच्या विद्युत्-आलेखावरूनच कळते. म्हणूनच रुग्णालयातील बहुमार्गी निद्रालेखनात, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफीत, मेंदूचा आलेख, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, हृदयाचा आलेख, हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल व प्राणवायू या सर्वांची एकाच वेळी नोंद होते, आणि एक तंत्रज्ञ रात्रभर जागा राहून निसटलेल्या तारा पुन्हा बसवितो.

२. घरगुती यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही

१९९४ साली अमेरिकेतील निद्रावैद्यकांच्या संघटनेने तपासणी-साधनांचे चार वर्ग केले. तंत्रज्ञाच्या देखरेखीखालील संपूर्ण निद्रालेखन हा पहिला वर्ग; देखरेखीविना केलेले संपूर्ण लेखन हा दुसरा; हवेचा प्रवाह, श्वसनाची धडपड, प्राणवायू व नाडी एवढ्याच गोष्टी टिपणारे साधन हा तिसरा; आणि केवळ एक-दोन गोष्टी, बहुधा बोटावरील प्राणवायूमापक, हा चौथा. घरगुती तपासणीत सामान्यतः तिसऱ्या वर्गाचे यंत्र वापरतात. नाकापाशी बारीक नळी, छातीवर पट्टा व बोटावर प्राणवायूमापक एवढे साहित्य रुग्ण स्वतः लावतो व सकाळी परत करतो.

या यंत्रात मेंदूचा आलेख नसतो. त्यामुळे दोन उणिवा निर्माण होतात. पहिली अशी की, घटनांची संख्या झोपेच्या तासांनी भागता येत नाही. ती नोंदीच्या एकूण तासांनी भागावी लागते. एका रुग्णाच्या रात्रीत ८० घटना झाल्या असे समजू. तो ७ तास अंथरुणात होता, पण प्रत्यक्षात ५ तासच झोपला. झोपेच्या तासांवर निर्देशांक १६ येतो, म्हणजे रोग मध्यम ठरतो. नोंदीच्या तासांवर तोच ११.४ येतो व रोग सौम्य ठरतो. ज्यास निद्रानाश आहे त्याच्या बाबतीत हा फरक याहून मोठा होईल. दुसरी उणीव अशी की, ज्या अल्पश्वसनात प्राणवायू फारसा न उतरता केवळ मेंदू जागा होतो, ते या यंत्राच्या हिशेबात येतच नाही. कृश प्रकृतीच्या तरुण रुग्णांत व अनेक स्त्रियांत असे अल्पश्वसन तुलनेने अधिक आढळते.

या दोन्ही उणिवा एकाच दिशेने काम करतात. दोन्हींमुळे रोग आहे त्यापेक्षा कमी दिसतो. नाकाची नळी सरकली, घामाने चिकटपट्टी सुटली, तर काही काळाची नोंदच वाया जाते आणि ती सुधारण्यास कोणी जागे नसते. प्राणवायूमापकाच्याही मर्यादा आहेत. गडद त्वचेच्या रुग्णांत हे साधन प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखविण्याची शक्यता जास्त असते, ही गोष्ट २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनेने पुन्हा ऐरणीवर आली. निद्रातपासणीत मूळ पातळीपेक्षा तिची चढउतार अधिक महत्त्वाची असल्याने हा दोष काहीसा सौम्य होतो. तो नाहीसा होतो असे नव्हे.

तथापि घरगुती तपासणीची एक बाजू रुग्णालयाहून सरस आहे, तीही नोंदली पाहिजे. परक्या खोलीत, अंगभर तारा लावून, अनोळखी माणसाच्या नजरेखाली झोप नेहमीसारखी लागत नाही. निद्रासंशोधनात यास 'पहिल्या रात्रीचा परिणाम' म्हणतात. तारांमुळे माणूस अधिक काळ उताणा झोपतो, आणि उताण्या स्थितीत श्वासरोध बहुधा वाढतो. घरी माणूस आपल्या अंथरुणात, आपल्या कुशीवर व आपल्या वेळेस झोपतो. शिवाय एकाच माणसाचा निर्देशांक रात्रीगणिक बदलतो. एका रात्रीचे लेखन, मग ते कितीही परिपूर्ण असो, नमुन्यादाखल घेतलेली एकच रात्र असते. घरगुती यंत्र दोन-तीन रात्री लावणे सुकर आहे. रुग्णालयात तितक्या रात्री काढणे फार थोड्यांस शक्य होते.

३. मुंबईचा अभ्यास

भारतातील निद्राश्वासरोधाच्या व्याप्तीविषयीच्या महत्त्वाच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक मुंबईत झाला, आणि तो घरगुती तपासणीवरच आधारलेला होता. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी येणाऱ्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांपैकी ६५८ जणांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांतील २५० जणांची एका रात्रीची निद्रातपासणी त्यांच्या घरी करण्यात आली. निर्देशांक ५ वा अधिक असणाऱ्यांचे प्रमाण १९.५ टक्के, आणि त्याबरोबर दिवसाची अतिझोपाळूपणाची तक्रारही असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के असा अंदाज निघाला. शरीराचा स्थूलपणा, मानेचा घेर व मधुमेह यांचा या विकाराशी संबंध दिसून आला.

१९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या अभ्यासात पुरुषांतील लक्षणयुक्त विकाराचे प्रमाण ४ टक्के निघाले होते. मुंबईचा आकडा त्याहून मोठा असल्याने, हा पाश्चात्त्य देशांचा विकार आहे ही कल्पना मागे पडली. २००६ साली दिल्लीतील एका वस्तीच्या पाहणीत, जेथे निद्रालेखन रुग्णालयात करण्यात आले, ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे १३.७ व ३.६ टक्के निघाली. दोन्ही शहरांच्या आकड्यांतील तफावत पाहून घरगुती यंत्राने रोग फुगवून दाखविला असे म्हणण्याचा मोह होईल. पण तो निष्कर्ष टिकणार नाही. मुंबईच्या पाहणीत केवळ पुरुष होते, दिल्लीच्या पाहणीत स्त्रियाही होत्या. वयोगट व निवडीची पद्धतही भिन्न होती. वर पाहिल्याप्रमाणे घरगुती यंत्राचा कल रोग कमी दाखविण्याकडे असतो, वाढविण्याकडे नव्हे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे एक भेद महत्त्वाचा आहे. व्याप्तीचा अंदाज बांधताना एका माणसाची रात्र चांगली गेली व दुसऱ्याची वाईट, तर या यादृच्छिक चुका मोठ्या समूहात बऱ्याच अंशी परस्परांस छेदून जातात. एका दिशेची पद्धतशीर चूक मात्र उरते; पण तिची दिशा ठाऊक असल्यास 'प्रमाण निदान इतके तरी आहे' असे म्हणता येते. एकट्या रुग्णाचे निदान करताना ही सोय नसते. त्याची वाईट रात्र दुसऱ्याच्या चांगल्या रात्रीने भरून निघत नाही. तात्पर्य, जी तपासणी समाजाच्या पाहणीस पुरेशी विश्वासार्ह असते, ती व्यक्तीच्या निर्णयास तितकीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

४. पूर्वसंभाव्यतेचा प्रश्न

व्यक्तीच्या निर्णयाचा विचार संख्याशास्त्राच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होतो. केवळ उदाहरणादाखल असे धरू की, यंत्र शंभर रोग्यांपैकी ८० जणांत रोग ओळखते व शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांस निरोगी ठरविते. म्हणजे संवेदनक्षमता ८० टक्के व विशिष्टता ९० टक्के.

प्रथम अशी शंभर माणसे घ्यावीत की ज्यांच्यात रोगाची लक्षणे ठळक आहेत व ज्यांतील ८० जणांस खरोखरच रोग आहे. यंत्र ६४ रोगी पकडील व १६ सोडील. उरलेल्या २० निरोग्यांपैकी १८ जणांस निरोगी व २ जणांस रोगी म्हणेल. 'रोग आहे' असे सांगितलेल्या ६६ जणांत ६४ खरे रोगी, म्हणजे सुमारे ९७ टक्के. परंतु 'रोग नाही' असे सांगितलेल्या ३४ जणांत १६ रोगीच आहेत. जवळजवळ निम्म्यांची फसगत होते.

आता सर्वसाधारण वस्तीतील शंभर माणसे घ्यावीत व त्यांतील १० जणांस रोग आहे असे मानावे. भारतीय अभ्यासांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात प्रौढांतील प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले असल्याने हे गृहीत अवास्तव नव्हे. यंत्र ८ रोगी पकडील, २ सोडील. ९० निरोग्यांपैकी ८१ जणांस निरोगी व ९ जणांस रोगी ठरवील. येथे 'रोग आहे' या १७ निर्णयांपैकी ९ खोटे, तर 'रोग नाही' या ८३ निर्णयांपैकी ८१ खरे.

यंत्र तेच, त्याचे गुणही तेच; पण निर्णयाचे मोल उलटसुलट झाले. पहिल्या समूहात होकार विश्वासार्ह व नकार अविश्वसनीय. दुसऱ्यात नकार विश्वासार्ह व होकार संशयास्पद. सबब, तपासणीपूर्वी त्या माणसात रोगाची संभाव्यता किती होती, हे जाणल्याखेरीज अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

५. गाससारख्या गावातील परिस्थिती

पूर्वसंभाव्यता ठरते ती मुख्यतः रुग्णाच्या व घरच्यांच्या सांगण्यावरून. येथेच स्थानिक परिस्थितीचा प्रश्न उभा राहतो. गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राकडील पट्ट्यात वसलेले बागायतीचे गाव. या पट्ट्यातील भाजीपाला व फुले पहाटे मुंबईच्या बाजारात नेण्याची परंपरा जुनी आहे. नोकरदार माणूसही पहाटेच उठून लोकल गाडी गाठतो. दिवसा डोळे मिटू लागण्याचे सर्वांत साधे कारण येथे अपुरी झोप हे असते, आणि तेच निद्राश्वासरोधाचेही प्रमुख लक्षण आहे.

झोपाळूपणा मोजण्यासाठी १९९१ साली ऑस्ट्रेलियात मरी जॉन्स यांनी तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तिच्या आठ प्रश्नांस प्रत्येकी ० ते ३ गुण असून १० च्या वर गुण झाल्यास झोपाळूपणा अधिक समजतात. त्यांतील एक प्रश्न, गर्दीत मोटार काही मिनिटे थांबली असता डुलकी लागते काय, असा आहे. ज्याने मोटार चालविली नाही त्यास हा प्रश्न लागू पडत नाही. दुसरा प्रश्न तासभर वाहनातून प्रवासी म्हणून जाताना डुलकी लागण्याविषयी आहे. नालासोपाऱ्याहून लोकलमध्ये बसावयास जागा मिळालेला माणूस पेंगतोच. तेथे हा प्रश्न रोगी व निरोगी यांत भेद करू शकत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. गासच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाची घरची बोली सामवेदी, म्हणजेच कादोडी. प्रश्नावली मात्र इंग्रजीत अथवा प्रमाण मराठीत असते. पेंग, डुलकी, गुंगी, ग्लानी व थकवा हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. एपवर्थ प्रश्नावली थकवा नव्हे तर प्रत्यक्ष डोळा लागणे विचारते. हा भेद उत्तर देणाऱ्यास आपल्या बोलीत उमगला नाही, तर गुणांची बेरीज अचूक असूनही निरर्थक ठरते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. आपण घोरतो असे सांगण्याचा संकोच वाटतो, त्यामुळे त्यांची संभाव्यता तपासणीपूर्वीच कमी धरली जाते. आणि पुढे यंत्रही त्यांचे अल्पश्वसन कमी मोजते.

या सर्वांचा परिणाम कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. पन्नाशीचा, मानेचा घेर मोठा असलेला, रक्तदाबाचा एक टेम्पोचालक रात्री साडेनऊला आडवा होतो व अडीचला उठून भाजी घेऊन मुंबईस निघतो. त्याचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते. श्वास अडल्याचे पत्नीने पाहिले आहे. घरगुती यंत्राने पाच तासांची नोंद केली. किमान चार तासांची अट पुरी झाल्याने नोंद तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य ठरली आणि निर्देशांक ४ निघाला.

ही नोंद नीट पाहिली पाहिजे. शीघ्र नेत्रचलनाची, म्हणजे स्वप्नांची निद्रा रात्रीच्या अखेरच्या तृतीयांशात सर्वाधिक असते, आणि त्याच अवस्थेत स्नायू अत्यंत शिथिल झाल्याने श्वासरोध अनेकांत बळावतो. अडीचला उठणाऱ्याच्या नोंदीत रात्रीचा हा भागच नाही. पाच तासांतील पहिला तास जागेपणी गेला असेल, तर घटनांना भागणारा आकडाही फुगलेला आहे. तपासणी नेहमीच्या रात्री करावी की सुटीच्या, पूर्ण झोपेच्या रात्री, हे प्रश्नावर अवलंबून आहे. त्याचे शरीर रोज काय सोसते हे पाहावयाचे असेल तर नेहमीची रात्र योग्य. रोग आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर पूर्ण झोपेची. आणि वरील गणिताप्रमाणे हा माणूस पहिल्या समूहातील आहे, जेथे यंत्राचा नकार जवळजवळ नाणेफेकीइतकाच बोलका असतो. 'तुम्हांस रोग नाही' असे ऐकून तो निश्चिंतपणे पहाटेच्या महामार्गावर गाडी नेऊ लागला, तर चुकीच्या अर्थाची किंमत तो एकटाच मोजणार नाही.

६. निष्कर्ष

अमेरिकेतील निद्रावैद्यक संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा आशय या विवेचनाशी जुळतो. बहुतेक दिवशी अतिझोपाळूपणा आणि त्याबरोबर मोठे नित्य घोरणे, श्वास अडल्याचे वा गुदमरल्याचे आढळणे व उच्च रक्तदाब यांपैकी किमान दोन गोष्टी असतील, तर अन्य गुंतागुंत नसलेल्या प्रौढांत घरगुती तपासणी चालू शकते. हृदय वा फुप्फुसांचा गंभीर विकार, पक्षाघाताचा इतिहास, श्वसनस्नायूंची दुर्बलता, अफूजन्य औषधांचा दीर्घकाळ वापर किंवा तीव्र निद्रानाश असल्यास प्रथमपासून संपूर्ण निद्रालेखनच करावे. आणि घरगुती तपासणीचे उत्तर नकारार्थी, अनिर्णीत वा तांत्रिकदृष्ट्या अपुरे आल्यास तेवढ्यावर न थांबता रुग्णालयातील लेखन करावे.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका तुलनात्मक प्रयोगात, तिसऱ्या वर्गाच्या तपासणीवरून उपचार केलेल्या रुग्णांची प्रगती संपूर्ण निद्रालेखनावरून उपचार केलेल्यांहून कमी प्रतीची नसल्याचे दिसून आले. केवळ प्राणवायूमापकाबाबत मात्र तसे म्हणता आले नाही. योग्य रुग्ण निवडल्यास घरगुती तपासणी पुरेशी ठरते, याचा हा चांगला पुरावा आहे. २०२४ साली अमेरिकेत काही मनगटी घड्याळांस या विकाराचा इशारा देण्याची मान्यता मिळाली. तो इशारा निदान नव्हे, आणि इशारा न मिळणे हा निरोगीपणाचा दाखला तर मुळीच नव्हे. ही घड्याळे सर्वसाधारण वस्तीत वापरली जात असल्याने दुसऱ्या समूहाचे गणित त्यांस लागू पडते.

संपूर्ण निद्रालेखनाची सोय बहुतांशी मोठ्या शहरांत आहे. एका रात्रीसाठी दिवसाची मजुरी बुडविणे व खर्च सोसणे सर्वांस परवडत नाही. अशा स्थितीत घरगुती तपासणी नाकारणे म्हणजे बहुतेकांस तपासणीच नाकारणे होय. म्हणून ती टाळण्यापेक्षा तिचा अहवाल नेमक्या शब्दांत मांडणे अधिक उपयुक्त ठरेल. किती तासांची नोंद झाली, रुग्ण नेहमीइतका झोपला काय, उताणा किती काळ होता व तपासणीपूर्वी संशय किती होता, या गोष्टी निर्देशांकाशेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत. प्रश्नावल्या वसईच्या बोलींत व तेथील दिनक्रमास धरून तयार करून त्यांची शास्त्रीय पारख करणे, हे पदव्युत्तर संशोधनास योग्य व समाजास उपयोगी असे कार्य आहे.

'रोग नाही' आणि 'त्या रात्री त्या यंत्रास रोग आढळला नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले विधान घरगुती यंत्र करूच शकत नाही. दुसरे ते प्रामाणिकपणे करते. त्या दुसऱ्या विधानाचे पहिल्यात रूपांतर होते ते अहवाल वाचणाऱ्याच्या हातून, आणि घरगुती तपासणीच्या विश्वासार्हतेची खरी जबाबदारीही तेथेच आहे.